सेवेची भीती पोरांच्या मनात आपणच घातलीय

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की तुमच्या पेपरात मिरज-सांगलीतल्या चर्चचे फोटो येतात, रोषणाई, चांदणी, गव्हाणीचा देखावा, कॅरल म्हणत घरोघरी फिरणारी पोरं. बघून बरं वाटतं. त्या फोटोतल्या पोरांबद्दलच मला लिहायचंय. विषय तसा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांच्या, आतला आहे, तरी पेपरात लिहितेय, कारण आमची माणसं मिरज, सांगली, सातारा, वाई, पाचगणी अशी सगळीकडं विखुरलेली आहेत आणि कुठंही पाहुण्यांकडं गेलं तरी उपासना सुटल्यावर अंगणात उभं राहून वयस्क माणसं एकच बोलतात, हल्लीची पोरं सेवेला, म्हणजे देवाच्या कामाला, पुढं येत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही.

येतात की पुढं. खुर्च्या कोण लावतं, साउंड कोण बघतं, गाण्याच्या ओळी स्क्रीनवर कोण टाकतं, कॅरलच्या रात्री दीड वाजता जनरेटर टेम्पोत कोण चढवतं? तीच पोरं. फक्त त्यांना म्हणा की येत्या रविवारी शास्त्रपाठ तू वाच, किंवा अर्पणाची प्रार्थना तू कर, की लगेच चेहरा उतरतो. "नको आंटी, दुसऱ्या कुणाला तरी सांगा." याला आपण आळस म्हणतो, अश्रद्धा म्हणतो, मोबाईलला शिव्या घालतो. मी पस्तीस वर्षं नर्सिंग केलं आणि त्याच्या जोडीनं संडे स्कूलही घेतलं, भ्यालेला माणूस कसा दिसतो ते मला ओळखू येतं, आणि ही पोरं भ्यालेली आहेत.

कशाला भ्यालीत ते एक उदाहरण सांगून सांगते. आमच्याकडची एक मुलगी, इंजिनिअरिंगला आहे, शाळा सगळी इंग्लिश मीडियमची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिला बायबलमधला यशयाचा ५३वा अध्याय वाचायला दिला, तोही आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून. आता पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी जुन्या वळणाचं, रोजच्या बोलण्यातलं नाही, घरी मराठी बोलणाऱ्या माणसालासुद्धा तयारी लागते. ती "व्याधींशी" या शब्दावर अडकली, परत म्हणाली, परत अडकली. पुढच्या बाकावरून एक गृहस्थ मोठ्यानं तो शब्द म्हणाले, मागं दोन जण हसले, आणि उपासना झाल्यावर दारात एक बाई तिला म्हणाल्या, "घरी मराठी बोलत नाही का गं तुम्ही?" हे बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, मी त्यांना ओळखते. पण पोरीनं त्या दिवशी बायबल बंद केलं ते परत कधी पुढं येऊन उघडलं नाही. ती चर्चला येते, मागं बसते, आणि तिच्याबरोबरच्या चौघी पाच जणींनी पण ते बघितलेलं आहे, त्यामुळं त्या पण वाचायला पुढं येत नाहीत. एका शब्दाला हसलो आणि पाच वाचणाऱ्या गेल्या.

दुसरी एक भीती असते, ती पोरं सहसा बोलून दाखवत नाहीत. "आंटी, माझं स्वतःचंच आयुष्य अजून धड नाही, मी कुठल्या तोंडानं वचन सांगू?" ज्या पोराला असं वाटतं ते पोर सेवेला सगळ्यात लायक, असं माझं मत आहे, पण त्याला हे सांगणारं कुणी नसतं. मोशे देवाला म्हणाला मी जड जिभेचा आहे, संदेष्टा यिर्मया म्हणाला मी तर केवळ पोर आहे. ही वचनं आपण व्यासपीठावरून शंभरदा सांगितली असतील. सांगून भीती जात नाही. मोशेला सुद्धा देवानं नुसतं भिऊ नको म्हणून सोडलं नाही, त्याच्या वतीनं बोलायला बरोबर भाऊ अहरोन दिला.

आणि या बाबतीत मला पवित्र शास्त्रातली एक जागा फार महत्त्वाची वाटते जिच्यावर मी फारसा संदेश ऐकलेला नाही. तीमथ्याचं, म्हणजे प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याचं, नाव घेतलं की आपण लगेच तरुणांना सांगतो, बघा, देवानं आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, तुझं तारुण्य कुणी तुच्छ मानू नये. म्हणजे सगळं ओझं परत त्या पोरावरच. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी, १६व्या अध्यायात, पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की तीमथ्य तुमच्याकडं आला तर तो तुमच्यात निर्भयपणे राहील असं बघा, कुणी त्याला तुच्छ मानू नका, त्याला शांतीनं वाटेला लावा. हे मंडळीला लिहिलंय! तीमथ्याची भीती घालवायची जबाबदारी पौलानं तीमथ्यावर टाकली नाही, करिंथच्या मोठ्या माणसांवर टाकली. मग आमच्या मिरजेच्या, सांगलीच्या, साताऱ्याच्या मोठ्या माणसांवर ती नाही का?

आणि पौलानं त्याला तयार कसं केलं ते पण बघा. तीमथ्याचा पाया घरातला, आई युनीके, आजी लोईस. पौलाला तो लुस्त्रात भेटला, तिथल्या बंधूंनी त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं आणि पौलानं त्याला सरळ बरोबर घेतलं. बरोबर चालवलं, मग बिरुयात सीलाबरोबर मागं ठेवलं, मग थेस्सलनीकाच्या मंडळीला धीर द्यायला पाठवलं, मग करिंथला, आणि पुष्कळ पुढं इफिसासारख्या अवघड जागी. एकेक पायरी. आपण काय करतो, तर मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीला तीन दिवसांचा कॅम्प घेतो, शेवटच्या रात्री पोरं रडतात, हात वर करतात, मी प्रभूची सेवा करीन म्हणतात, आणि सोमवारी सगळी खाली येतात ती जूनपर्यंत कुणी त्यांना एक फोन पण करत नाही. कॅम्प वाईट नाही, माझ्या स्वतःच्या विश्वासाची सुरुवात कॅम्पमध्येच झाली. पण कॅम्पनंतर जो हात धरायला लागतो तो कुठं आहे?

मी नर्स आहे म्हणून मला जे माहितीय तेच उदाहरण देते. नवीन विद्यार्थिनीला पहिलं इंजेक्शन द्यायचं असतं तेव्हा हात थरथरतात, सगळ्यांचे थरथरतात. तिला कुणी सांगत नाही की धैर्य धर आणि जा वॉर्डात. आधी ती नुसती ट्रे धरून सिस्टरच्या मागं फिरते, मग सिस्टरच्या देखत देते, सिस्टर तिच्या खांद्याला खांदा लावून उभी असते आणि पेशंटशी बोलत राहते म्हणजे पेशंटचं लक्ष पोरीच्या हाताकडं जात नाही. चुकलं तर सिस्टर पेशंटसमोर एक शब्द बोलत नाही, ड्युटी रूममध्ये नेऊन सांगते. आणि दुसऱ्या दिवशी परत तिलाच ट्रे देते. माझी भीती अशी गेली, माझ्या हाताखालच्या मुलींची अशी गेली, मग प्रार्थनेची आणि वचनाची भीती काय वेगळ्या रीतीनं जाणार?

मिरजेला तर हे नव्यानं शिकवायची गरजच नको. मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली इकडं आले तेव्हा पंचविशीच्या आतले होते, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं आणि लगेच तीन वर्षांत, १८९७ ला, त्यांनी इथल्याच तरुणांना वैद्यकी शिकवायची शाळा काढली. पेशंट तर रांगा लावून होते, शिकवायला वेळ काढणं म्हणजे ऑपरेशनचे तास कमी करणं, तरी त्यांनी ते केलं, कारण दोन हातांनी किती होणार. आपण वानलेसवाडीवरून रोज जातो येतो, नाव घेतो, पण त्या माणसानं आपलं काम दुसऱ्याच्या हातात देऊन ठेवलं हे विसरतो. आणि साताऱ्याच्या लोकांना सांगायला नको की कवी रेव्ह. ना. वा. टिळक १९१७ ला मिशनचं काम सोडून साताऱ्यात राहायला गेले आणि देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. वय पन्नाशीच्या पुढं, तब्येत साथ देत नव्हती, दोनच वर्षांत, १९१९ ला, ते गेले. त्या वयात माणूस आरामात बसला असता, ते माणसं जमवत राहिले.

माझ्या डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट सांगते म्हणजे ही पोरं मुळात भित्री नाहीत हे कळेल. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीत कुणी विसरणार नाही, आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. तेव्हा आमच्या युवक संघातली हीच पोरं, जी माइकसमोर उभी राहायला घाबरतात ती, छावणीच्या शाळेत रात्रंदिवस होती. खिचडीची पातेली उचलली, ओआरएसची पाकिटं वाटली, म्हाताऱ्या माणसांना संडासला धरून नेलं. पाणी ओसरल्यावर अनोळखी लोकांच्या घरातला गुडघाभर चिखल फावड्यानं काढला, वासानं उलटी होत होती तरी काढला. एका रात्री गावभागातल्या एक आजी, ख्रिस्ती नव्हेत, घराची आठवण काढून रडायला लागल्या, तर आमचा एक लाजाळू पोरगा, ज्यानं मंडळीत कधी तोंड उघडलेलं नव्हतं, त्यांच्याजवळ खाली बसला, त्यांचा हात धरून बसला आणि हळूच म्हणाला, "आजी, मी तुमच्यासाठी देवाला सांगू का?" आजी म्हणाल्या, "सांग की बाळा." त्यानं दोन वाक्यांची प्रार्थना केली. त्यापेक्षा चांगली प्रार्थना मी फार थोड्या ऐकल्यात. तिथं तो का भ्याला नाही? कारण तिथं बाकावर बसून चुका मोजणारं कुणी नव्हतं, आणि शेजारी मोठी माणसं त्याच्याबरोबर तोच चिखल काढत होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक मंडळीत एका तरुणाबरोबर एक मोठं माणूस असं वर्षभर जोडून द्यावं. मोठं म्हणजे पाळकसाहेबच पाहिजेत असं नाही, त्यांच्याकडं आधीच तीन तीन गावं असतात. निवृत्त शिक्षक, एसटीतला कंडक्टर, महिला मंडळातल्या काकू, ज्याला प्रार्थनेची सवय आहे आणि ज्याच्या तोंडात गोष्ट राहते असं कुणीही. मुलीबरोबर बाई, मुलाबरोबर पुरुष, घरच्यांना माहीत असावं आणि भेटणं चारचौघांत, चर्चच्या व्हरांड्यात किंवा घरातल्या बाहेरच्या खोलीत असावं, बंद दाराआड नको. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लेकरांची सुरक्षितता आधी, सेवा नंतर.

मग करायचं काय, तर बरोबर न्यायचं. शास्त्रपाठ द्यायचा तर आठवडाभर आधी द्या, दोघं मिळून तीनदा मोठ्यानं वाचा, अवघड नावांवर पेन्सिलीनं खूण करा, शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये माइक चालू करून एकदा वाचून घ्या, स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकायची सवय होणं हे निम्मं काम आहे. प्रार्थना येत नाही म्हणाला तर कागदावर चार ओळी लिहून आण म्हणावं, लिहून केलेली प्रार्थना देव ऐकत नाही असं कुठं लिहिलंय? कीर्तनात सुद्धा पोरगा आधी मागं झांज घेऊन उभा राहतो, ध्रुवपद धरतो, काही वर्षांनी एखादा अभंग त्याला देतात, हे आपल्या मराठी मंडळ्यांना नवीन नाही.

आजाऱ्याला भेटायला न्या, मिरजेत हॉस्पिटलांना काय तोटा. पण नेण्याआधी शिकवा, कारण हे मोठ्यांना सुद्धा येत नाही. पेशंटच्या कॉटवर बसायचं नाही, सलाईनची नळी ओढली जाते. काय झालं, कधी झालं, रिपोर्ट काय आला हे खोदून विचारायचं नाही. आमच्या ओळखीतल्या अमक्याला पण हेच झालं होतं आणि तो गेला, असलं तर मुळीच नाही. प्रार्थना करू का असं आधी विचारायचं आणि नको म्हणाले तर हसून बरं म्हणायचं. वचन दोन ओळींचं, प्रार्थना मिनिटभराची, आवाज हळू, कारण शेजारच्या कॉटवर पण माणूस आहे. आणि निघताना नातेवाईकाला विचारायचं, तुम्ही जेवलात का. दहा मिनिटांत बाहेर. पहिल्या खेपेला पोरानं नुसतं बरोबर उभं राहावं, दुसऱ्या खेपेला वचन वाचावं, तिसऱ्या खेपेला प्रार्थना त्यानं करावी आणि आपण गप्प राहावं. हे गप्प राहणं मोठ्यांना सगळ्यात अवघड जातं, पोरगं जरा थांबलं की आपण लगेच मध्ये घुसून प्रार्थना पुरी करतो. थांबू द्या त्याला. त्याला शब्द सापडेल.

चुकला तर बाहेर आल्यावर, एकट्याला सांगा, आणि आधी काय चांगलं झालं ते सांगा. आणि परत काम द्या. मार्क नावाचा तरुण पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सेवेच्या प्रवासाला गेला आणि पंफुल्यातून अर्ध्यावर घरी निघून गेला होता, पौल त्याला परत न्यायला तयारच नव्हता, त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचं भांडण झालं. बर्णबानं त्याला कुप्राला नेलं, परत संधी दिली, आणि शेवटी तोच पौल तुरुंगातून लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आपल्या प्रत्येक मंडळीत पौलासारखे कडक वडील आहेत, पाहिजेतच, पण बर्णबा किती आहेत?

अजून दोन तीन गोष्टी बोलून टाकते. एखादं पोर हुशार निघालं की सगळं त्याच्यावरच टाकू नका, कीबोर्ड तोच, गाणी तोच, नाताळचं नाटक तोच, आणि मग बारावीला मार्क कमी पडले की आईबाप त्याला चर्चच बंद करतात, आणि त्यांचं काय चुकलं? मुलींचं तर विचारूच नका, संडे स्कूल त्याच चालवतात, लेकरांना वचनं त्याच पाठ करून घेतात, आणि संदेश द्यायची वेळ आली की कुणाच्या डोळ्यासमोर त्यांचं नाव येत नाही. सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, बायकांना पाळकपणाची दीक्षा मिळते, मग रविवारी दहा मिनिटं साक्ष द्यायला, आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, काय हरकत आहे?

ज्यांना पूर्णवेळ सेवेत जायचंय त्यांच्या घरची भीती पोटाची असते, पाळक होऊन खाणार काय. हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर नुसतं देव पुरवील म्हणून चालणार नाही, देव पुरवतो तो मंडळीच्या हातानं. पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, पोरगा पाठवला की आपण टाळ्या वाजवून, हार घालून निरोप देतो. त्याच्या मेसचे पैसे कोण देतं, सुट्टीत आल्यावर त्याला मंडळीत काय काम देतो, परीक्षेच्या वेळी फोन कोण करतं, हे कुणी बघावं की नाही?

आणि एक भीती अलीकडची, ती पण स्पष्ट लिहिते. सेवा हा शब्द काढला की शेजारपाजारचे काय म्हणतील, कुणी संशय घेईल का, असं पोरांना आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबापांना वाटतं. त्यांना मी एवढंच सांगते की लपून काही करू नका. आपण आजाऱ्याजवळ बसतो, शोक झालेल्या घरी जातो, विचारून प्रार्थना करतो, पुरात चिखल काढतो, हे सगळं उघड्यावर आहे आणि मिरजेच्या लोकांनी सव्वाशे वर्षांहून जास्त ते बघितलंय. ज्या गावात दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या जातीधर्माची माणसं गाणं ऐकायला मांडीला मांडी लावून बसतात त्या गावात आमच्या पोरांनी मान खाली घालून का चालावं?

जानेवारीत बऱ्याच मंडळ्यांत कमिट्या बदलतात, युवक संघाच्या नव्या निवडी होतात. माझी सगळ्या पाळकसाहेबांना आणि वडीलजनांना हात जोडून विनंती आहे की त्या पहिल्याच मीटिंगला हिशोब आणि रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्या, कोणत्या पोराबरोबर कोण चालणार, आणि नावं वहीत लिहा, नुसतं बघू म्हणून सोडू नका. आणि तुमच्या पेपरातून हे पत्र एखाद्या तरुण मुलानं किंवा मुलीनं वाचलं तर, बाळांनो, तुम्हाला ज्या मोठ्या माणसाची प्रार्थना आवडते त्याला या रविवारी उपासना सुटल्यावर गाठा आणि म्हणा, पुढच्या वेळी कुणाकडं जाल तेव्हा मला पण न्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका आणि संडे स्कूल शिक्षिका,
मिरज, जि. सांगली